तांब्यावाल्यांची पंगत

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

नालीच्या काठाशी माझा मुलगा राजेंद्र वाकून उभा होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत. मी त्याला पेला दिला. त्याने एक घोट घेतला. घोट खाली गेला आणि तसाच वर आला. पुन्हा दिला. पुन्हा तेच.

"श्वास?" मी विचारलं.

"येऊन राह्यला. घास अटकला, बाबा. इथं." त्याने छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

वारासिवनीकडच्या खैरलांजीला माझा चुलतभाऊ प्रेमलाल याच्या मुलीचं लग्न काल झालं. आज मटणाचं जेवण होतं. पंगत उठली होती आणि तीस-चाळीस माणसं हात धुऊन आमच्याभोवती जमली होती. कोणी पाठीत बुक्क्या मारायला सांगितल्या, कोणी सुक्या भाताचा गोळा गिळायला. गोदाकाकू मीठ-मिरची ओवाळायला आत गेली. प्रेमलाल म्हणाला, "अरे, तांब्यावाल्याच्या पोराले तांब्याच नाही देला कोनी! पाप लागन ना आमाले." लोक हसले. राजेंद्रही हसला आणि पुन्हा वाकला.

नात्यात आमच्या घराला तांब्यावाले म्हणतात. जेवताना प्रत्येकाच्या उजव्या हाताला भरलेला तांब्या असतो. बोलायचं नाही, घाई करायची नाही, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. हा माझ्या वडिलांचा, शालिकरामांचा नियम. त्यांना जाऊन सदतीस वर्षं झाली. नियम चालू आहे.

चार तासांनी, परतीच्या बसमध्ये, वारासिवनीच्या अलीकडे राजेंद्र म्हणाला, "गेला." बाटलीतलं पाणी प्यायला. पाणी राहिलं.

बस पकडायची म्हणून तो आज घाईने जेवला होता. नियम मोडला की असं होतं. बसमध्ये मी त्याला तसं म्हणालो. सून संघमित्रा खिडकीबाहेर पाहत होती. तिने मान वळवली.

१८ फेब्रुवारी

राजेंद्रला इथल्या डॉक्टरकडे नेलं. पोटावर हात ठेवून त्यांनी गॅस सांगितला. दहा दिवसांच्या कॅप्सूल. घरी राजेंद्रने कॅप्सूल उघडली, आतले दाणे चमच्यात काढले आणि पाण्याबरोबर घेतले. संघमित्रा म्हणाली, "सबंध काहून नाही गिळत?"

माझी बायको तुळसा म्हणाली, "या घरात कोनीच नाही गिळत, बाई."

खरं आहे. ब्लडप्रेशरची गोळी मी चुरून घेतो. लवकर लागू पडते.

२३ फेब्रुवारी

संघमित्राला या घरात येऊन चौदा महिने झाले. माहेर गोंदियाचं. सिकलसेलच्या तपासणीत ती गावोगाव फिरते. एका माणसाच्या रक्तात दोष सापडला की त्याच्या घरी जाऊन आणखी कोणाकोणाला आहे ते विचारणं आणि घराण्याचा नकाशा कागदावर काढणं, हे तिचं काम. विचारण्याची तिला सवय आहे. लोक खोटं सांगतात याचीही.

आज तिने चपात्या केल्या. तिने आणि तुळसाने खाल्ल्या. राजेंद्रने एक घेऊन वरणात भिजत घातली आणि ती पार विरघळेपर्यंत थांबला. मी भातच घेतला. मला चपातीची आवड नाही.

"नरम हायेत ना?" तिने विचारलं.

"छान आहेत," मी म्हणालो. जेवताना बोललो. ते नंतर लक्षात आलं.

९ मार्च

दुपारी भाजी निवडता निवडता तिची चौकशी चालली होती. राजेंद्रला लहानपणी दमा होता का? होता, सहा-सात वर्षांचा असताना. अंगावर खाज? कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यात. शिंका?

तुळसा म्हणाली, "शिंका त याच्या बापाले विचार. धान चुरत असन तवा हे गावाच्या दुसऱ्या टोकाले पळत."

"धुळीनं कोनालेही येतात," मी म्हणालो.

"हौ, बाबा," संघमित्रा म्हणाली. लिहीत काही नव्हती. पण हात भाजीवर थांबला होता.

राजेंद्र कोर्टात स्टेनो आहे. दुपारच्या सुटीत तो जेवत नाही, डबा भरलेला परत येतो. वेळ पुरत नाही म्हणतो. अर्धा तास खरंच कमी आहे.

२२ मार्च

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखांच्या चौकटीत पेन्सिलीने बारीक आकडे दिसले. रोज दोन. ४३, ५१. ४०, ४९. कुकरच्या शिट्ट्या एवढ्या नसतात. संघमित्राच्या कामाचं काही असेल.

२९ मार्च

काल संध्याकाळी सातला घरच्याच जेवणात राजेंद्रला पुन्हा अटकला. कोंबडीचा लहान तुकडा. तांब्या होता, घाई नव्हती, बोलणं नव्हतं. नियमात काहीही कमी नव्हतं.

दोन तास वाट पाहिली. मग संघमित्रा म्हणाली, "आता नाही. आता नागपूर." मी म्हणालो, मागच्या वेळी आपोआप गेला. ती म्हणाली, "बाबा, त्याले स्वतःची थुंकी गिळता नाही येऊन राह्यली." तिने गाडी ठरवली. मी समोर बसलो. मागे राजेंद्र मांडीवर डबा धरून त्यात थुंकत होता. डबा तोच, कोर्टात न्यायचा.

आज पहाटे दुर्बीण घालून तुकडा काढला. डॉक्टर माझ्या शाळेत शिकून गेलेल्या मुलांच्या वयाचे होते. स्क्रीनवरचं चित्र त्यांनी आम्हाला दाखवलं. अन्ननलिका आतून गुळगुळीत असायला हवी. राजेंद्रच्या नळीला एकाखाली एक कडी होती, गांडुळाच्या अंगावर असतात तशी. उभ्या चिरा होत्या. पांढरे ठिपके होते. सहा ठिकाणचे चिमूटभर तुकडे तपासायला पाठवले.

"ही ॲलर्जीची सूज वाटते," डॉक्टर म्हणाले. "नाकाला होते तशी अन्ननलिकेला. रिपोर्ट आला की नक्की सांगतो. पण हे दोन महिन्यांचं नाही, दहा-बारा वर्षांचं आहे. माणसाला कळत नाही, कारण तो जेवणच बदलतो. बारीक घास, खूप चावणं, प्रत्येक घासाला पाणी. पोळी सोडतो, मटण सोडतो. गोळ्या फोडून घेतो. चारचौघांत जेवायला टाळतो. हळूहळू तेच त्याला नॉर्मल वाटायला लागतं."

ते लक्षणं सांगत होते. मला ते एखाद्या संयमी माणसाचं वर्णन वाटलं.

"घरात आणखी कोणाला असा त्रास?"

"नाही," मी म्हणालो.

संघमित्रा माझ्याकडे पाहत होती. डॉक्टरांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

७ एप्रिल

रिपोर्ट आला. रक्तातल्या एका प्रकारच्या पेशी, ज्या अन्ननलिकेच्या अस्तरात असायलाच नकोत, त्या सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यात साठाच्या वर. आजाराचं नाव लांब आहे. मी एका कागदावर उतरवून घेतलं आणि कागद पाकिटात ठेवला.

आठ-दहा आठवडे दूध आणि गहू पूर्ण बंद. रोज ॲसिडची गोळी. मग पुन्हा दुर्बीण. सूज उतरली नाही तर गिळायचं दुसरं औषध. वेळेत आवरली नाही तर नळी आकसत जाते. आणि अडकलेला घास जोर लावून उलटवायला गेलं तर ती फाटू शकते. डॉक्टरांनी हे राजेंद्रला फोनवर सांगितलं. त्याने ते आम्हाला जेवताना सांगितलं. त्यालाही जेवताना बोलायची सवय लागली आहे.

गव्हाचं काही कठीण नाही. आमचा भाग धानाचा. प्रश्न चहाचा.

तुळसा म्हणाली, "एकाचा काळा न तिघायचा पांढरा, दोन गंज कोन मांडन? सगळ्यायचाच काळा. दही पन बंद. म्हशीवाल्याले उद्यापासून नको येऊ म्हनून सांगा."

"माह्यासाठी तुमी काहून सोडता?" राजेंद्र म्हणाला.

"तुह्यासाठी नाही. भांड्यासाठी."

१४ एप्रिल

जयंती. सकाळी मिरवणूक, दुपारी वॉर्डाच्या विहारापुढे भोजनदान. दरवर्षीप्रमाणे जेवणाआधी मला वडिलांची गोष्ट सांगायला उभं केलं. मी सांगितली.

सत्तावन्न साल. धर्मदीक्षेला एक वर्ष झालं होतं. गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या घरी लग्न होतं आणि आमच्या लोकांची पंगत सगळ्यांत शेवटी, वाड्यामागच्या खळ्यावर. वाढणारे वरून टाकत. पत्रावळीवर पडलं ते पडलं. खाणारेही घाई करत, कारण कंदील केव्हा उचलून नेतील याचा भरवसा नसे. वडील तेव्हा सत्तावीस वर्षांचे. ते मांडी घालून बसले. पाण्याचा तांब्या मागितला. तांब्या मिळाल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले. शेवटी कोणीतरी आणून ठेवला. मग ते जेवले. एक तास जेवले. वाढणारे उभे राहिले, कंदील धरणारा उभा राहिला, आमची सगळी पंगत त्यांच्यासाठी बसून राहिली. कोणीतरी ओरडलं तेव्हा ते म्हणाले, "घाई भुकेल्याची असते. मी भुकेला नाही."

टाळ्या झाल्या. लहान मुलंही आता शेवटचं वाक्य माझ्याबरोबर म्हणतात.

माझ्यासोबत शाळेत शिकवलेले भैयालाल शेजारी बसले होते. म्हणाले, "मास्तर, गोष्ट बढ़िया. पर आपके साथ बैठना मतलब शाम की चाय भी यहीं." पण आज मी त्यांच्यामागोमाग उठलो. तेच म्हणाले, "क्या बात है, आज जल्दी?" तांब्यात अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक होतं. भात नव्या तांदळाचा होता, मऊ होता. त्यामुळे.

४ मे, रविवार

तुळसा भाचीकडे गेली होती. मीठ शोधताना कॅलेंडर खाली पडलं. मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती होती.

संघमित्राच्या कामातली आकृती मी पाहिलेली आहे. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. तिरपी रेघ म्हणजे मयत. काळा भरलेला म्हणजे आजारी. सगळ्यांत वर एक चौकोन, त्यावर तिरपी रेघ, त्यात प्रश्नचिन्ह. शेजारी गोल, त्यावरही रेघ. ही माझी आई, मैनाबाई. त्यांच्याखाली एक चौकोन, त्यातही प्रश्नचिन्ह. त्याखाली काळा भरलेला चौकोन. त्याच्या शेजारी गोल. आणि त्या दोघांच्या खाली पतंगासारखा एक आकार, ना चौकोन ना गोल. हात वळला असेल.

कॅलेंडर पुन्हा पुढून पाहिलं. रोजचे दोन आकडे. मार्चमध्ये दुसरा आकडा पन्नासच्या आसपास. एप्रिलच्या शेवटी तेहतीस, पस्तीस, एकतीस.

ती आली तेव्हा मी विचारलं. तिने लपवलं नाही.

"मिनिटं हायेत, बाबा. पह्यला आकडा तुमच्या पोराचा. दुसरा तुमचा."

"माझ्या जेवणाची मिनिटं मोजतेस?"

"दूध सोडल्यापासून वीस कमी झाले. तुमाले नाही कळलं?"

"तांदूळ बदलला."

"तांदूळ तोच हाय. आईले विचारा."

मी म्हणालो, वडिलांना तू पाहिलेलं नाहीस. त्यांना चौकोनात बसवू नकोस. ते ज्या कारणाने सावकाश जेवत ते कारण या शहराला माहीत आहे. त्याला तू सूज म्हणणार?

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आजोबा त्या दिवशी जेवले ते बरोबरच होतं. त्याले मी काई नाही म्हनत. पन बाबा, मले पुढं काय सांगाचं हाय ते माहीत पाहिजे. दवाखान्यात विचारतात, तवा मी काय सांगू? 'नाही' सांगू?"

पुढं म्हणजे कोणाला, ते मी विचारलं नाही. कॅलेंडर खिळ्याला लावलं आणि बाहेर गेलो.

६ मे

ती आता माझ्यासमोर घड्याळाकडे पाहत नाही. मी पाहतो.

८ मे

शास्त्रीय बुद्धीचा माणूस स्वतःवर प्रयोग करून पाहतो. आजपासून रोज दोनदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात दुधाचा चहा आणि एक वाटी दही. घरी सांगितलेलं नाही. दहा दिवस. काही होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी नोंद ठेवतो.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात. हॉटेलचा चहा दोनदा, दही एकदा. जेवण ३६ मिनिटं.

१५ मे

४४ मिनिटं. ऊन फार आहे. उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो.

१७ मे

रात्रीच्या जेवणात बटाट्याची फोड छातीशी थांबली. मी कोणाकडे पाहिलं नाही. खांदे सरळ केले, श्वास धरला, थोडं थोडं पाणी घेतलं. ती गेली. हे करताना माझ्या लक्षात आलं की खांदे कधी सरळ करायचे, श्वास किती धरायचा, हे मला विचार न करता येतं. कोणी शिकवलं ते आठवलं नाही.

राजेंद्र तोवर हात धुऊन आला होता. माझ्यासाठी परत पाटावर येऊन बसला. त्याची सत्तावीस मिनिटं झाली होती. माझी बावन्न.

१८ मे

हॉटेल बंद केलं. दहा दिवस काल पूर्ण झाले. नोंद वर आहे. तिच्यावर भाष्य करत नाही.

२५ मे, रविवार

तुळसाला विचारलं. ती परातीत तांदूळ निवडत होती.

"आपला भात इतका मऊ काहून असते?"

तिने वर पाहिलं. "सदतीस-अडतीस वर्षांनी विचारून राह्यले."

"विचारलं खरं."

"तुमच्या मायनं सांगतलं होतं. लगीन होऊन मी आली न, तवा चुलीपाशी बसवून सांगतलं, पोरी, भात गिचका कर. यायच्या बापाले गळ्यात लागते न यालेही लागते. मटन असन त पाट्यावर वाट. तांब्या भरलाच ठेव. आन बोलू नको, मान्सायले आवडत नाही."

"आई असं म्हणाली? लागते म्हणाली?"

"मंग काय म्हनन? रीत तुमची, भात आमचा." तिने खडा बाजूला टाकला. "तुमी गोष्ट सांगत जा जयंतीले. मी कधी काई म्हटलं? चांगली गोष्ट हाय."

मग वडिलांच्या मरणाबद्दल विचारलं. अठ्ठ्याऐंशी साली मी शाळेच्या कामाने भोपाळला होतो, पोचेपर्यंत संपलं होतं. मला हार्ट असं सांगितलं गेलं.

"वारासिवनीले कोनाच्या तरी घरी जेवाले गेलते. घरी आले त थुंकून राह्यले होते, सारखे. गळ्यात बोटं घालून जोरजोरानं उलटी काढाले पाहत. मंग एकदम छाती धरली. डॉक्टर म्हने हार्ट. तिसऱ्या दिवशी गेले."

"मला कोणी थुंकण्याचं सांगितलं नाही."

"तुमी विचारलं नाही."

संध्याकाळी राजेंद्रकडून डॉक्टरांना फोन करवला. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी काहीच सांगता येत नाही. मग म्हणाले, पण तुमच्या वडिलांना एकदा घेऊन या.

२६ मे

लिहायचं टाळत होतो ते लिहितो.

मी नऊ वर्षांचा होतो. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. आईने वडिलांची शिदोरी देऊन शेतावर पाठवलं आणि तांब्या द्यायची विसरली. मी शिदोरी बांधावर ठेवून विहिरीवर कोणाचा तरी तांब्या मागून भरून आणायला गेलो. परत आलो तेव्हा ते बांधावर नव्हते. मोहाच्या झाडामागे होते, माझ्याकडे पाठ करून. उजव्या मुठीने छातीवर मारत होते. मग खांदे सरळ केले, श्वास धरला. मग पुन्हा मूठ. भाताचा गोळा बाहेर पडला. त्यांनी तो मातीखाली सारला.

तिथे मालगुजार नव्हता. वाढणारे नव्हते, कंदील नव्हता. कोणी पाहत नव्हतं. कोणाला काही दाखवायचं नव्हतं.

मी मागे सरलो आणि पाय वाजवत पुन्हा आलो. त्यांनी तांब्या घेतला. म्हणाले, "घाई करू नये." मला वाटलं, मी विहिरीवरून पळत आलो म्हणून म्हणाले.

पंचावन्न वर्षं ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. दुसरी सांगत आलो. दुसरीही खोटी नाही. त्या रात्री ते एक तास बसले हे पाहणारी माणसं मला भेटलेली आहेत. ते एक तास का बसले, याची आता माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. त्यातलं एक दुसऱ्याला खोडत नाही. तांब्या त्यांना लागतच होता. त्यांनी तो मागून घेतला.

१ जून

संघमित्रा सध्या सकाळी काही खात नाही. वास सहन होत नाही म्हणते. मी तुळसाला म्हणालो, हिलाही तेच निघालं की काय, दवाखान्यात दाखवू.

तुळसा हसायला लागली. बराच वेळ हसली. "मास्तर," ती म्हणाली, "तुमी शाळेत काय शिकवलं हो एवढे वर्षं? चौथा महिना लागला तिले."

कॅलेंडर उलटून पाहिलं. पतंगाचा आकार तिथेच होता. मुलगा की मुलगी माहीत नसलं की असा काढतात, हे तिने मला सांगायला हवं होतं. की मी विचारायला हवं होतं.

११ जून

राजेंद्रची दुसरी दुर्बीण मागच्या आठवड्यात झाली. कडी आहेत, पण चिरा आणि ठिपके जवळजवळ गेले. रिपोर्टात पेशी साठाच्या जागी सात. आता एकेक पदार्थ परत सुरू करून पाहायचं, आधी गहू. तो कोर्टात डबा खायला लागला आहे. म्हणतो, शेजारच्या टेबलावरच्या बाबूने विचारलं, "आज व्रत टूटा क्या?"

१५ जून, रविवार

जेवताना मी म्हणालो, "मंगळवारी नागपूरला येतो."

राजेंद्रने भात घेतला. तुळसाने वाढला. संघमित्रा म्हणाली, "हौ," आणि लगेच फोन काढून वेळ घेतली.

"डॉक्टर विचारतील," मी तिला म्हणालो, "घरात आणखी कोणाला."

"हौ."

"मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं."

"मी दुरुस्त करतो," राजेंद्र म्हणाला.

"मी करीन," मी म्हणालो.

रात्री प्रेमलालचा फोन आला. त्याला कोणी सांगितलं कोण जाणे. म्हणाला, "काय मास्तर, आयकलं तुमच्या तांब्याचं ऑपरेशन होऊन राह्यलं?" मी म्हणालो, ऑपरेशन नाही, तपासणी. तो म्हणाला, "बरं हाय. मले पन कधीकधी अटकते बा. इथं." मग म्हणाला, "असंच सांगतलं."

मी त्याला म्हणालो, असंच नाही. सांग.

त्याने सांगितलं. पाव तास सांगत होता.

१६ जून

संध्याकाळी कॅलेंडर खाली काढलं. पेन्सिल घेतली. वरच्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि चौकोन काळा भरला. तिरपी रेघ तशीच राहू दिली. प्रेमलालच्या बापाचा चौकोन आणि त्याखाली प्रेमलालचा, शेजारी काढून दिले. त्यांत प्रश्नचिन्ह घातलं. माझा प्रश्नचिन्हासकट तसाच ठेवला. तो उद्या डॉक्टर भरतील किंवा भरणार नाहीत.

संघमित्रा दारात उभी होती. "आजोबाचं नक्की का, बाबा?" ती म्हणाली. "रिपोर्ट नाही आपल्यापाशी."

"मी पाहिलेलं आहे," मी म्हणालो.

तिला मोहाच्या झाडाची गोष्ट सांगितली. तिने ऐकली. पुढच्या जयंतीला कोणती सांगाल, असं तिने विचारलं नाही. मी ठरवलेलंही नाही. दोन्ही सांगायला वेळ लागेल. लोक भुकेले असतात.

पतंगाच्या आकाराला तिने अजून हात लावलेला नाही. मीही लावला नाही.

१७ जून, मंगळवार

सकाळी साडेपाचला निघालो. तपासणीआधी पाणीसुद्धा घ्यायचं नव्हतं. तुळसाने सवयीने माझ्या पाटाजवळ तांब्या भरून ठेवला होता. तो तसाच ठेवून आलो.